संत्रा-मोसंबीतील ग्रीनिंग आणि सायला: शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (काटोल, संत्रा, बाग सात वर्षांची): काही झाडांची एखादीच फांदी पिवळी पडते. झिंक, फेरस फवारले, शेणखत दिले, तरी फरक नाही. फळे लहान आणि वाकडी राहतात. हा अन्नद्रव्यांचा प्रश्न आहे की रोग?

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून ग्रीनिंगचा संशय घ्यावा लागेल. हा जिवाणूजन्य रोग आहे. कॅन्डिडेटस लायबेरीबॅक्टर एशियाटिकस हा जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि त्या हळूहळू बंद करतो. पानात तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोचत नाही, पानातच पिष्ट साचते आणि मुळे उपाशी राहतात. मुळेच खंगल्यावर झिंक, लोह, मँगेनीज यांची कमतरता आपोआप दिसू लागते, म्हणून या रोगात फसगत फार होते.

फरक पानावर ओळखता येतो. कमतरतेत मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळेपणा सारखाच असतो आणि शिरा हिरव्या राहतात. ग्रीनिंगमध्ये पिवळे-हिरवे डाग बेढब असतात, डाव्या अर्ध्यावरचा डाग उजव्या अर्ध्यावर तसाच दिसत नाही. पान उन्हाकडे धरा आणि मध्यशिरेवर घडी घालून दोन्ही भाग जुळवून पाहा. यासाठी कोवळे पान घेऊ नका, पूर्ण वाढलेले, पक्व पान घ्या. दुसरी खूण फळात मिळते. फळ देठापासून खाली उभे कापा. मधला अक्ष वाकलेला, एक बाजू खुरटलेली, बिया काळपट आणि पोचट असतील तर संशय पक्का होतो. निरोगी फळाचा रंग खालच्या टोकाकडून चढतो. रोगट फळात देठाजवळ आधी पिवळेपणा येतो आणि टोक हिरवेच राहते.

झिंक कमी असल्याची शंका असेल तर १० लिटर पाण्यात झिंक सल्फेट ५० ग्रॅम आणि विरी गेलेला चुना २५ ग्रॅम मिसळून, गाळून फवारा आणि पुढची नवती (नवी कोवळी पालवी) येईपर्यंत थांबा. नवी पाने सगळीकडे सारखी हिरवी आली तर प्रश्न झिंकचाच होता. चुनखडीच्या काळ्या जमिनीत तो नेहमीचाच. एकाच फांदीवर डाग कायम राहिले तर मात्र खतांवर आणखी पैसा घालू नका.

घरी करता येण्यासारखी एक प्राथमिक चाचणी आहे. पानावर बारीक पॉलिश पेपर दहा-बारा वेळा घासा, तो पेपर चमचाभर पाण्यात खळखळून घ्या आणि त्यात टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. पाणी निळे-काळे झाले तर पानात पिष्ट साचले आहे. पान सकाळी, ऊन चढण्याआधी तोडा आणि निरोगी झाडाचे पान सोबत तपासून तुलना करा, कारण दुपारी निरोगी पानातही पिष्ट भरलेले असते. डिंक्याने, म्हणजे बुंध्यातून डिंक गळणाऱ्या बुरशीजन्य रोगाने, साल कुजली असेल तरीही पाणी काळे होऊ शकते. म्हणून आधी बुंधा पाहा. पक्के निदान पीसीआर तपासणीतच, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणूचा डीएनए शोधूनच, होते.

प्रश्न (अंबड, मोसंबी): सायलासाठी दरवर्षी तीन-चार फवारण्या करतो, तरी कीड जात नाही. कोणते औषध जोरदार आहे?

औषध बदलण्याआधी फवारणीची वेळ तपासा. बहुतेक बागांत चूक तिथेच होते.

सायला ही रस शोषणारी बारीक कीड हीच ग्रीनिंगची वाहक. प्रौढ कीड ३ ते ४ मिलिमीटर लांब, तपकिरी, आणि पानावर मागचा भाग वर उचलून तिरपी बसते. मादी अंडी घालते ती फक्त कोवळ्या, अजून न उलगडलेल्या नवतीत. पान पक्व झाले की तिच्या पिढीला तिथे जागाच उरत नाही. पिले चपटी, पिवळसर नारिंगी असतात आणि त्यांच्या शरीरातून पांढरे मेणचट धागे निघतात. चिकट स्रावावर नंतर काळी बुरशी वाढते. उबदार हवेत अंड्यापासून प्रौढ व्हायला दोन ते तीन आठवडे पुरतात. पिलाने रोगट झाडाचा रस घेतला की ते मोठे झाल्यावर जन्मभर रोग वाहते. ज्या बागेत एक रोगट झाड उभे आहे आणि त्याच्या नवतीवर पिले वाढत आहेत, तिथून दर पिढीत रोगवाहक प्रौढ बाहेर पडतात.

म्हणून फवारणीचा दिवस नवती ठरवते. अंबिया, मृग आणि हस्त हे फुलोऱ्याचे तीन हंगाम, म्हणजे बहार. अंबियाची नवती जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाची जून-जुलैत, हस्ताची सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फुटते. कोंब एक-दोन सेंटिमीटरचे असताना पहिली फवारणी आणि १० ते १५ दिवसांनी दुसरी. पाने उलगडून चकचकीत झाल्यावर पिले दिसली म्हणून फवारले, तर तोवर निम्मी पिले पंख फुटून उडालेली असतात.

थायामेथोक्झाम २५ टक्के हेक्टरी १०० ग्रॅम १००० लिटर पाण्यातून, म्हणजे एकरी ४० ग्रॅम आणि ४०० लिटर पाणी. किंवा इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के १० लिटर पाण्यात ५ मिली. ही दोन्ही औषधे एकाच गटातली आहेत. एकदा हे, एकदा ते असे फवारून अनेकांना वाटते आपण औषध बदलले, पण किडीच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते आणि प्रतिकारशक्ती वाढत जाते. एका नवतीला यांपैकी एकच, तेही एकदा. दुसऱ्या फवारणीला निंबोळी तेल १० लिटर पाण्यात १०० मिली, चिकटद्रव्यासह, किंवा ज्याच्या लेबलवर लिंबूवर्गीय पीक आणि सायला लिहिलेले आहे असे वेगळ्या गटाचे औषध. काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे तेही लेबलवरच पाहा.

अंबिया बहारात नवती आणि फुले बरोबरच येतात. फूल उमलल्यावर वरची दोन्ही रासायनिक औषधे अजिबात नकोत, मधमाश्या मरतात. कळ्या बंद असतानाच फवारणी उरका. टॅमॅरिक्सिया रेडिएटा नावाची इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी सायलाच्या पिलावरच वाढते, शिवाय ढालकिडे आणि क्रायसोपा हा जाळीदार पंखांचा मित्रकीटकही पिले खातात. कॅलेंडर बघून दर पंधरवड्याला केलेल्या फवारण्यांत आधी हे मित्र संपतात.

कीड आहे की नाही हे पाहण्यासाठी पांढऱ्या कागदाची फळी फांदीखाली धरा, काठीने फांदीवर तीन टोले द्या आणि पडलेले सायला मोजा. सुरुवात बांधाकडच्या ओळींपासून करा. बाहेरून येणारा सायला आधी कडेच्या झाडांवर उतरतो, बागेच्या मध्यभागी फिरून ‘कीड नाही’ असा निष्कर्ष काढू नका. बांधावरचा कढीपत्ता आणि कुंपणाची कुंतीही तपासा, त्यांच्या कोवळ्या पाल्यावर ही कीड वर्षभर तग धरते.

आणखी एक गोष्ट तुमच्या हातात आहे. ताण नीट दिला, म्हणजे बहारापूर्वी काही काळ पाणी तोडले, तर सगळ्या झाडांना नवती एकदम फुटते आणि दोन फवारण्यांत तिचे संरक्षण होते. ठिबकने वर्षभर पाणी आणि थोडा थोडा युरिया चालू ठेवला तर बागेत कायम कुठे ना कुठे कोवळे कोंब असतात. पाणसोट (सरळ, जोमाने वाढणारे बिनफळी फुटवे) वेळच्या वेळी काढा, ते अवेळी फुटतात आणि किडीचे माहेरघर होतात.

प्रश्न (वरूड, संत्रा): रोगट फांदी छाटून, प्रतिजैविक फवारून झाड वाचेल का? झाड काढायचेच असेल तर कसे, आणि त्याच खड्ड्यात नवीन लावले तर चालेल का?

छाटून उपयोग नाही. फांदीवर लक्षण दिसते तेव्हा जिवाणू बहुधा मुळांपर्यंत पोचलेला असतो. उलट छाटणीनंतर भरपूर कोवळी नवती येते आणि सायलाला तेच हवे असते. प्रतिजैविकाची फवारणी पानाच्या पृष्ठभागावरच राहते, अन्नवाहिन्यांतल्या जिवाणूला ती मारू शकत नाही. झाड बरे करणारे औषध आज जगात कुठेही नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये आढळला आणि दोन दशकांच्या आत तिथले संत्र्याचे उत्पादन पूर्वीच्या दहा टक्क्यांच्याही खाली गेले. त्यात चक्रीवादळांचाही वाटा होता, पण बागा खचल्या त्या या रोगाने. तिथे पैसा आणि यंत्रसामग्री कमी नव्हती. म्हणून ‘अमुक टॉनिकने ग्रीनिंग गेला’ असे सांगून बाटली विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तुमच्याकडे मोजकीच झाडे रोगट असतील तर ती काढाच. आधी त्या झाडावर आणि भोवतालच्या झाडांवर सायलासाठी फवारणी करा, मग दोन दिवसांनी झाड तोडा. फवारणी न करता कुऱ्हाड घातली तर हलवलेले सायला शेजारच्या निरोगी झाडांवर जाऊन बसतात. बुंधा मुळासकट उपटा. खुंट जमिनीत राहिला तर त्याला फुटवे येतात आणि तेही रोगट असतात. जिवाणू मातीत किंवा मेलेल्या लाकडात टिकत नाही, त्यामुळे ग्रीनिंगपुरता खड्डा रिकामा ठेवण्याची गरज नाही. डिंक्याही असेल तर गोष्ट वेगळी, त्याची बुरशी मातीत राहते.

जुन्या बागेत निम्म्याहून जास्त झाडे बाधित असतील तर सगळी एकदम काढा असे मी म्हणणार नाही. सायलाचे नियंत्रण काटेकोर ठेवून, पाणी-खत विभागून देऊन जितके उत्पन्न निघेल तितकी वर्षे ती चालवा. पण तिच्या शेजारी नवीन कलमे लावू नका. लहान झाडाला वर्षभर नवती येत राहते आणि रोग त्याला लवकर गाठतो.

नवीन लागवडीत सर्वांत मोठा धोका कलमाचाच. रोगट मातृवृक्षाचा डोळा रंगपूर किंवा जंबेरीच्या खुंटावर बांधला की रोग सरळ तुमच्या शेतात येतो, आणि लक्षण दिसायला काही महिने ते काही वर्षे जातात. नोंदणीकृत रोपवाटिकेतूनच कलमे घ्या, मातृवृक्षांची ग्रीनिंगसाठी तपासणी झाल्याचा कागद मागा आणि रोपे कीडरोधक जाळीत वाढवली आहेत का ते स्वतः जाऊन पाहा. रस्त्याकडेला उघड्यावर ठेवलेली कलमे दहा-पंधरा रुपयांनी स्वस्त मिळतात, ती घेऊ नका.

तपासणीसाठी नमुना पाठवायचा असल्यास नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेशी किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी आधी बोला. डाग असलेली पक्व पाने देठासकट तोडा, कारण जिवाणू देठात आणि मध्यशिरेत जास्त असतो. झाडात तो सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, म्हणून चारही बाजूंच्या फांद्यांवरून पाने घ्या. एकाच फांदीचा नमुना निर्दोष आला तरी झाड निर्दोष ठरत नाही. पाने धुऊ नका, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घाला, झाडाचा ओळ क्रमांक आणि तोडल्याची तारीख लिहा आणि दोन दिवसांत पोचतील अशी पाठवा. झाडावर रंगाची खूण करून ठेवा, म्हणजे अहवाल आल्यावर नेमके तेच झाड सापडेल.