काउंट चांगला आहे, मग मूल का होत नाही?

"मॅडम, माझी इम्युनिटी कमी आहे का?" वीर्यात अँटिबॉडी (शरीर परक्या गोष्टींविरुद्ध बनवतं ती संरक्षक प्रथिनं) सापडल्याचा रिपोर्ट घेऊन येणारे बहुतेक पुरुष मला हेच विचारतात. संदीप (नाव बदललं आहे) तर प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून रोज गुळवेलीचा काढा घेत होते.

लग्नाला 6 वर्षं झालेली. तेवढ्यात त्यांच्या पत्नी मेधाताईंच्या रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफ्या, नळ्यांचा एक्स-रे, दुर्बिणीची तपासणी, सगळं झालेलं. संदीप यांची वीर्यतपासणी मात्र एकदाच. शुक्राणू मिलिलिटरला 5 कोटी. "त्याचं नॉर्मल आहे" म्हणून घरचे निर्धास्त झाले आणि दोष सुनेच्या माथी आला. नव्या डॉक्टरांनी त्याच जुन्या रिपोर्टमधली खालची ओळ वाचली: शुक्राणू एकमेकांना चिकटलेले दिसतात. त्यांनी एमएआर चाचणी, म्हणजे शुक्राणूंवर अँटिबॉडी आहेत का ते बघणारी तपासणी, करायला सांगितली. निकाल आला 82 टक्के, म्हणजे हलणाऱ्या शंभरातल्या 82 शुक्राणूंवर अँटिबॉडी बसलेल्या.

इम्युनिटी कमी नाही, हे मी त्यांना आधी सांगितलं. शरीर आपलं-परकं ओळखायला लहानपणीच शिकतं. शुक्राणू तयार होतात वयात आल्यावर. त्या ओळखपरेडीला ते हजरच नसतात. त्यांच्यावरची प्रथिनं शरीराला परकी वाटू शकतात, म्हणून वृषणातल्या सर्टोली पेशी एकमेकींना घट्ट चिकटून त्यांना रक्तापासून वेगळं ठेवतात. नसबंदी, हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये वीर्यनलिकेला झालेली इजा, जबर मार, जंतुसंसर्ग, यांनी तो आडोसा फुटू शकतो. नसबंदीनंतर तर निम्म्याहून अधिक पुरुषांत अशा अँटिबॉडी सापडतात. अनेकांत कारण सापडतच नाही.

संदीप बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, चौदाव्या वर्षी गोटीला (वृषणाला) पीळ पडला होता, लाजेपोटी रात्रभर कुणाला सांगितलं नाही, सकाळी ऑपरेशन झालं. मेधाताई हे पहिल्यांदाच ऐकत होत्या.

असं आपल्या एकट्यालाच झालंय, असं संदीप यांना वाटत होतं. रुम्के आणि विल्सन या संशोधकांनी मूल न होणाऱ्या पुरुषांत या अँटिबॉडी 1954 मध्येच दाखवल्या. आपल्या मुंबईत, परळच्या प्रजनन संशोधन संस्थेत, शुक्राणूवरच्या एका प्रथिनावर काम झालं आहे. त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी शुक्राणूंना एकमेकांना चिकटवतात. चिकटलेले शुक्राणू गर्भाशयमुखाच्या स्रावातून पुढे सरकत नाहीत. अँटिबॉडी डोक्यावर असतील तर स्त्रीबीजाला धरणंही अवघड होतं. नुसत्या शेपटीच्या टोकावर असतील तर फारसं अडत नाही.

मग मूल होणारच नाही का? तसं नाही. साधारणपणे 50 टक्क्यांच्या वर निकाल गेला की डॉक्टर तो गांभीर्याने घेतात. कमी असेल तर नैसर्गिक गर्भधारणेची किंवा आययूआयची (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याची) आशा असते. संदीप यांच्याइतका जास्त असेल तर बहुधा इक्सी सुचवतात: एकच शुक्राणू थेट बीजात सोडतात, त्यामुळे अँटिबॉडी सहसा आड येत नाहीत. पूर्वी स्टेरॉइडचे मोठे डोस देत. त्याने खुब्याचं हाड निकामी होण्यापर्यंत त्रास होऊ शकतो, म्हणून ऐकीव सल्ल्यावर ते कधीही घेऊ नका. काढ्याने या अँटिबॉडी जात नाहीत.

माझं स्पष्ट मत आहे, नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच भेटीत झाली पाहिजे, आणि नुसता काउंट बघून ती बाजूला ठेवू नये. मेधाताईंनी जे सोसलं त्यातलं बरंचसं टळलं असतं.

मेधाताईंनी नवऱ्याकडे एकच मागितलं: "आईंना तुम्ही सांगा, अहो. मी सांगितलं तर खरं वाटणार नाही." त्यांनी सांगितलं. आई म्हणाल्या, दुसऱ्या लॅबमध्ये करून बघ. आता दोघांची इक्सीची तयारी सुरू आहे आणि सुनेचे सोमवारही सुरूच आहेत. पुढच्या भेटीला आईंना सोबत आणा, असं मी संदीप यांना सांगितलं आहे.