लस टोचलेली डुकरं तापाने मरत असतील, तर तो जुना स्वाइन फीवर की आफ्रिकन, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की, स्वाइन फीवरची लस दिलेली असूनही डुकरं तापाने पटापट मरतायत, कान आणि पोट लालजांभळं पडतंय. मी रोगनिदान प्रयोगशाळेत असेच नमुने तपासतो. नुसतं बघून हे दोन आजार वेगळे सांगता येत नाहीत, अनुभवी डॉक्टरलाही नाही.

नावं सारखी असली तरी या विषाणूंचं एकमेकांशी नातं नाही. क्लासिकल म्हणजे जुन्या स्वाइन फीवरच्या विषाणूचं जनुकीय द्रव्य आरएनए, आफ्रिकनच्या विषाणूचं डीएनए. म्हणून तुम्ही दिलेली लस आफ्रिकनला अडवत नाही. आफ्रिकन आपल्या देशात 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचलमध्ये पहिल्यांदा सापडला.

आम्ही एकाच नमुन्यावर दोन्हींची पीसीआर, म्हणजे विषाणूचं आरएनए किंवा डीएनए शोधणारी चाचणी, लावतो. एक सापडला म्हणून दुसरा नाही असं धरत नाही, कारण कधी दोन्ही एकत्र असतात. इथे नमुन्याची अवस्था फार महत्त्वाची. आरएनए लवकर तुटतो, डीएनए बराच तग धरतो. उन्हात तापलेल्या नमुन्यात क्लासिकलचा विषाणू असूनही हाती लागत नाही. त्यामुळे असा नमुना ‘निगेटिव्ह’ आला तर मी त्यावर विसंबत नाही. रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घ्यायला सांगा, जिवंत पण ताप आलेल्या डुकराचं, आणि बर्फात पाठवा. हेपारिनची नळी नको; तीही रक्त गोठू देत नाही, पण पीसीआरमध्ये अडथळा आणते.

एलायझा या रक्तचाचणीने प्रतिपिंडं (विषाणूविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रथिनं) तपासून इथे फारसं हाती लागणार नाही. क्लासिकलची प्रतिपिंडं तुमच्या डुकरांत लसीमुळेच असतील, आणि आफ्रिकनमध्ये बरीच डुकरं प्रतिपिंडं तयार व्हायच्या आतच मरतात. लस कधी दिली ती तारीख फॉर्मवर नक्की लिहा. जिवंत लसीचा विषाणूही काही दिवस पीसीआरमध्ये दिसू शकतो, आणि तारीख माहीत नसेल तर त्यालाच आम्ही रोग समजू.

मेलेलं डुक्कर स्वतः फाडू नका. रक्त सांडलं की आफ्रिकनचा विषाणू सगळ्या गोठ्यात पसरतो. तपासणीसाठी प्लीहा, टॉन्सिल, लसिका ग्रंथी डॉक्टरांना काढू द्या. महाराष्ट्रात असाल तर आजच 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन करा किंवा पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. तसं कळवणं कायद्यानेही बंधनकारक आहे. अहवाल येईपर्यंत उरलेली डुकरं स्वस्तात विकून टाकायचा मोह होईल, पण कृपा करून एकही बाहेर जाऊ देऊ नका. हॉटेलचं खरकटं घालत असाल तर तेही आजच बंद करा.