सिंगापूरला येताय? इथं पैसा चालत नाही, ओळखही नाही

तुम्ही विचारलंत, "जानेवारीत आम्ही पुण्याहून सिंगापूरला येतोय, मुलगी दुसरीत आहे. तिथं खरंच कुठं पैसे चारावे लागत नाहीत का?" व्हिसा, घरभाडं ही माहिती सरकारी संकेतस्थळांवर मिळेल. मी लिहितेय कारण तुमच्या प्रश्नानं माझं जुनं दुखणं वर आलं.

नाही लागत. पण इथली माणसं जन्मतः सज्जन आहेत म्हणून नव्हे. १९५१ साली इथं अफूची लूट झाली, तीत पोलीसच सापडले. मग १९५२ मध्ये, इंग्रजांच्याच राज्यात, पोलिसांपासून वेगळा लाचलुचपत तपास विभाग निघाला. १९६० चा कायदा आणखी कडक. सरकारशी काम असलेल्यानं सरकारी माणसाला काही दिलं, तर ती लाच नव्हती हे आरोपीनंच सिद्ध करायचं. 'अशी पद्धतच आहे' हे म्हणणं कोर्ट ऐकूनच घेत नाही, म्हणजे आपलं चहापाणी तिथंच संपलं. देणाराही दोषी, आणि हे खासगी कंपन्यांनाही लागू. कंटेनरच्या ट्रकवाल्यांकडून एकेक डॉलर घेणाऱ्या फोर्कलिफ्ट चालकांवर २०१८ मध्ये खटला झाला. २०२४ मध्ये माजी परिवहनमंत्री ईश्वरन भेटवस्तूंपायी १२ महिन्यांची शिक्षा होऊन तुरुंगात गेले. मोह नको म्हणून मंत्र्यांना भरमसाट पगार देतात, ते मला कधीच पटलं नाही. पकडले जाऊ ही खात्रीच खरं काम करते.

आता माझं. आम्ही आलो तेव्हा मुलगी तुमच्या मुलीएवढीच होती. सरकारी शाळेसाठी परदेशी मुलांची इंग्रजी-गणिताची परीक्षा तिनं दिली, पास झाली. तरी जागा नाही. आधी नागरिक आणि कायमचे रहिवासी, उरलं तर आपण. नियम स्वच्छ होता, पण भेटायला माणूसच नव्हता. एक ईमेल, त्याला नम्र उत्तर, संपलं. त्या रात्री वाटलं, पुण्यात कुणाच्या तरी ओळखीनं काम झालं असतं. जी गोष्ट नको म्हणून देश सोडला, तिचीच आठवण यावी याची लाज वाटली, आणि तरी तो विचार गेला नाही. मुलगी खासगी शाळेत शिकली, आता मोठी झालीय. छान चाललंय तिचं. मला मात्र अजून सलतं.

एकटेपणाचं फार मनावर घेऊ नका. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती होतात, दिवस जातात.

कागद मात्र निघण्याआधी पुरे करा. आमच्या मुलीच्या जन्मदाखल्यात नावाची चूक निघाली. दुरुस्तीसाठी कारकुनानं पैसे मागितले. बाबांनी दिले नाहीत, म्हणून त्या वयात ते महिनोन्‌महिने खेपा घालत राहिले आणि मी इथून फोनवर नुसती ऐकत राहिले. तेव्हा सरकारी काम ठरल्या मुदतीत करून देण्याचा लोकसेवा हक्क कायदा नव्हता. २०१५ पासून आहे. अर्ज ऑनलाइन करा, पोच जपून ठेवा, मुदत टळली की अपील करा. पैसे मागितले तर १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडेही देणारा गुन्हेगार ठरतो. बळजबरीनं द्यावे लागले तर सात दिवसांत तक्रार करायची असते.

आणि इथल्या शाळेचं पत्र हातात पडेपर्यंत मुलीची पुण्यातली जागा सोडू नका. नवऱ्याला आधी येऊ द्या.