भटक्यांचे प्रश्न : पाणी वाढलं म्हणून परत फिरलो, चुकलो का?

प्रश्न : आम्ही कॉलेजचे सहाजण जुलैतल्या एका रविवारी लोणावळ्याजवळच्या विसापूर किल्ल्यावर गेलो होतो. सकाळच्या लोकलने मळवली, तिथून भाजे गावातून चालत वर, आणि मग त्या पायऱ्या जिथे अख्खा धबधबा पायऱ्यांवरूनच खाली येतो. सुरुवातीला पाणी घोट्याएवढं होतं, अर्ध्यात पोचेपर्यंत गुडघ्याला लागायला लागलं आणि रंग पण चहासारखा झाला. मला भीती वाटली, मी म्हटलं मी खाली थांबतो. एक मैत्रीण माझ्याबरोबर परत आली, बाकीचे चौघं वर जाऊन आले आणि त्यांना काहीच झालं नाही. आता ग्रुपवर रोज "फट्टू" म्हणून चिडवतात, आणि सप्टेंबरमध्ये परत प्लॅन ठरतोय. मी खरंच जास्त घाबरलो का? — एक वाचक, पुणे

उत्तर : नाही रे, अजिबात नाही. तुझ्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कुठलं वाटलं सांगू? रंग चहासारखा झाला. हे तुझ्या लक्षात आलं म्हणजे तू नीट बघत होतास.

विसापूरचा माथा खालून कळत नाही पण प्रचंड मोठा आहे, शेजारच्या लोहगडापेक्षाही मोठा, आणि बराचसा सपाट. त्या पठारावर पडलेल्या पावसाचं पाणी मिळेल त्या घळीतून खाली उतरतं आणि पायऱ्यांची वाट अशाच एका घळीत आहे. म्हणजे तू जिथे उभा होतास तिथे नुसती भुरभुर असेल, पण वर धुक्यात अर्धा तास झोडपून पाऊस झाला की ते सगळं पाणी थोड्या वेळाने तुझ्या पायाशी येणार. पाणी आधी स्वच्छ असतं, मग गढूळ होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागतात, आवाज जड होतो. यातलं एक जरी दिसलं तरी वरून लोंढा येतोय असं समजायचं आणि पाण्याच्या बाजूला व्हायचं. त्या घळीत बाजूला व्हायला जागा किती आहे ते तू बघितलंयसच, त्यात रविवारची गर्दी, पुढे पण माणसं मागे पण माणसं.

आणि गढूळ पाण्यात पायरी दिसत नाही ना. तिथल्या पायऱ्या बऱ्याच ठिकाणी निखळल्यात, शेवाळ आहे, दोन दगडांच्या फटीत पाऊल अडकलं आणि वरून गुडघाभर पाण्याचा जोर आला तर चांगला धडधाकट पोरगा पण बसतो खाली. वर चढताना निदान तोंड डोंगराकडे असतं, हात टेकता येतात. तुझे मित्र त्याच वाटेने उतरले असतील तर त्यांना विचार उतरताना कसं वाटलं, चिडवायचं बाजूला ठेवून खरं सांगा म्हणावं.

"काहीच झालं नाही" याचा अर्थ त्या दिवशी पाणी आणखी वाढलं नाही, एवढाच. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ती माणसं पाण्याच्या मधल्या खडकावर एकमेकांना धरून उभी होती, पाणी वाढत गेलं आणि काठ काही पावलांवर असून कोणालाच पोचता आलं नाही. तो व्हिडिओ मी एकदाच बघितला, परत बघवला नाही.

माझं स्वतःचं सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी ताम्हिणीच्या बाजूला आम्ही आठजण होतो, सकाळी एक ओढा ओलांडला, बूट पण नीट भिजले नाहीत इतकं पाणी. दुपारी परत आलो तर तोच ओढा कमरेएवढा, आणि पलीकडे आम्ही सकाळी जिथे बसून दशम्या खाल्ल्या तो दगडच दिसेना. आमच्यातला एकजण म्हणाला हात धरून साखळी करू, जाऊ पटकन. आमच्याबरोबर गावातले एक काका होते, त्यांनी नुसती काठी पाण्यात धरली, काठी थरथरायला लागली. म्हणाले, बसा. तीन तास बसलो, भिजलेले, थंडीने दात वाजतायत, शेवटची गाडी पण चुकली. संध्याकाळी पाणी उतरलं तेव्हा ओलांडलं. त्या काकांना कोणी भित्रा म्हटलं नाही, कारण ते गावचे होते. तेच तू म्हटलंस तर फट्टू. हे काही बरोबर नाही.

आणि जी मैत्रीण तुझ्याबरोबर परत आली तिला थँक्यू म्हण. एकट्याने परत फिरणं जास्त धोक्याचं असतं, ती आली म्हणून तू एकटा पडला नाहीस.

सप्टेंबरला नक्की जा, मी तर म्हणेन तोच सीझन. शेवटच्या आठवड्यात पाऊस ओसरला की पायऱ्यांवर पाणी असतं पण शांत, नितळ, पायरी न पायरी दिसते, आणि पठारावर सोनकी फुललेली असते. फक्त घरून निघायच्या आधी सहाजणांनी ठरवून घ्या की कोणी एक जरी "परत" म्हणालं तरी सगळे परत, वाद घालायचा तर स्टेशनवर घालायचा. पाणी जास्त असेल तर लोहगडला वळा, तिथे चांगल्या बांधलेल्या पायऱ्या आहेत, विंचवाच्या नांगीसारखी लांब सोंड, विंचूकाटा आहे, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी तो एक आहे, त्यामुळे दिवस वाया गेला असं होत नाही. नाहीतर भाजे लेणी. दोन हजार वर्षांपूर्वीचा चैत्य, वर लाकडी तुळया, बाहेर पाऊस... मी तिथे अख्खी दुपार बसलेली आहे. विसापूरच्या माथ्यावर धुकं असेल तर तटबंदी सोडून मध्ये भटकू नका, पठारावर सगळीकडे सारखंच दिसतं आणि उतरायची वाट सापडत नाही.

प्रश्न : देवकुंड धबधब्याचे रील्स बघून जायचं ठरवलंय पण ऐकलं की पावसाळ्यात बंदी असते. आतून एखादी वाट आहे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : वाट असली तरी सांगणार नाही. बंदीचा आदेश असताना गेलात तर गुन्हा दाखल होऊ शकतो ते वेगळंच, पण तिथे जाताना ओढे ओलांडावे लागतात आणि कुंडात वरून पडणारं पाणी माणसाला खाली दाबतं, पोहता येणाऱ्यालाही. पाऊस संपल्यावर पायथ्याच्या भिरा गावातला गाईड घेऊन जा. त्याला दिलेले पैसे गावात राहतात आणि कुठे उतरायचं नाही हे त्यालाच माहीत असतं.

प्रश्न : पहिलाच पावसाळी ट्रेक आहे, महागडे वॉटरप्रूफ बूट घेऊ का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. धबधब्यात पाणी वरून बुटात शिरतं आणि वॉटरप्रूफ असेल तर ते बाहेरच येत नाही. सोलला खोल खाचा असलेले साधे बूट घे, घरी ओल्या फरशीवर घालून बघ घसरतायत का. जीन्स अजिबात नको, भिजली की गुडघा वाकत नाही. मोबाईल जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि संकटात मदत मागायचा ११२ नंबर सगळ्यांना पाठ. कोरडे कपडे वेगळ्या पिशवीत घट्ट बांधून घे, आणि उतरल्यावर गावात जेवायचं असेल तर सकाळी वर जातानाच पिठलं-भाकरी सांगून ठेव, किती माणसं ते पण, म्हणजे त्या मावशींना अंदाज येतो.