गस्ती नौकेला पाहून तांडेलाने बोट पळवली. मालकावर काय येते?

आपण लिहिता की रत्नागिरीच्या समुद्रात आपली बोट रात्री एलईडी दिवे लावून मासेमारी करीत होती, मत्स्यव्यवसाय विभागाच्या गस्ती नौकेने थांबण्याची खूण करताच तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाने, दिवे विझवून ती पळवली, आणि आता नोटीस मात्र घरी असलेल्या आपल्या नावे आली आहे.

येथे दोन प्रकरणे आहेत. पहिले महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981 खालचे. 2021 च्या सुधारणेनंतर एलईडी मासेमारीला 5 ते 20 लाख रुपये दंड आहे. बोट निसटली म्हणून हे प्रकरण संपत नाही. केबिनवरचा नोंदणी क्रमांक चित्रीकरणात वाचता येत असेल, तर ‘मी बोटीवर नव्हतो’ हे उत्तर मालकाला फारसे तारत नाही.

दुसरे प्रकरण फौजदारी. लोकसेवकाच्या कामात अडथळा आणल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 221 खाली 3 महिन्यांपर्यंत कैद, 2,500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नुसते पळणे म्हणजे अडथळा का, यावर युक्तिवादाला जागा आहे, शिवाय या कलमाखाली न्यायालयाने दखल घेण्यासाठी अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. बोट गस्ती नौकेच्या अंगावर घातली असेल, तर मात्र कलम 132 लागू शकते आणि कैद 2 वर्षांपर्यंत जाते.

मला खरी काळजी आपल्या पत्रातील एका ओळीची वाटते: ‘तांडेलाचा फोन आला तेव्हा थांबू नको, बाहेर काढ, एवढेच बोललो.’ फौजदारी गुन्हा ज्याच्या कृतीचा त्याचाच असतो. पण या चार शब्दांमुळे आपण अपप्रेरणेच्या (दुसऱ्याला गुन्ह्यास प्रवृत्त करण्याच्या), म्हणजे कलम 49 च्या कक्षेत येता आणि शिक्षा मूळ गुन्ह्याचीच लागते. कॉलच्या नोंदीत फक्त वेळ दिसेल, बोलणे नाही; ते तांडेल आपल्या जबाबात सांगेल. म्हणून, तो कितीही जुना माणूस असला तरी, त्याचा आणि आपला वकील वेगळा ठेवावा.

नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या आणि पंचनामा, चित्रीकरण व बोट पकडू पाहिली त्या जागेचे अक्षांश-रेखांश मागा. बोटीचा रंग बदलू नका, जीपीएसमधील नोंद पुसू नका. पुरावा नष्ट केल्याचे कलम 238 वेगळे आहे, आणि राज्याचा अधिनियम किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतच चालत असल्याने बोट त्यापलीकडे होती असे म्हणायचे झाल्यास तीच नोंद दाखवावी लागेल. अर्थात तेथेही एलईडीवर केंद्राची बंदी आहेच.