पंपाची सवय लागेल, या भीतीने थांबलेले औषध

‘एकदा पंप सुरू केला की आयुष्यभर त्याची सवय लागते का?’ दम्याचे रुग्ण किंवा त्यांचे नातेवाईक समुपदेशनासाठी येतात तेव्हा हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात निघतोच. काही जण तो सरळ विचारतात. काही जण डॉक्टरांसमोर मान डोलावतात, घरी गेल्यावर औषध बंद करतात आणि पुढच्या भेटीत ‘घेतो आहे’ असे सांगून मोकळे होतात. वैद्यकीय उत्तर छोटे आहे: दम्यासाठी श्वासावाटे रोज घ्यायच्या औषधाचे व्यसन लागत नाही. मात्र एवढ्या एका वाक्याने कोणाची भीती गेल्याचे मला आठवत नाही. त्या भीतीला बहुधा रुग्णाच्या स्वतःच्या अनुभवाचा आधार असतो आणि तो अनुभव ऐकून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

चाळिशीच्या एका शिक्षिकेची ही हकिगत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने तपशील बदलून सांगत आहे. थोड्याच काळात दोनदा त्यांना रात्री तातडीने रुग्णालयात न्यावे लागले होते. औषधे लिहून दिलेली असूनही असे का होते हे त्यांच्या डॉक्टरांना उलगडत नव्हते, म्हणून त्यांनी बाईंना माझ्याकडे पाठवले. बसल्याबसल्याच त्या म्हणाल्या, “मॅडम, मी औषधाच्या आहारी जाणारी नाही. निळा पंप अगदी नाइलाज झाला तरच घेते. दुसरा तर घेतच नाही, त्यात स्टेरॉइड आहे.”

हा ‘नाइलाज’ किती वेळा होतो, असे मी विचारले. आम्ही मागचा आठवडा दिवसागणिक आठवू लागलो. जिना चढल्यावर, शेवटच्या तासाला, झोपण्यापूर्वी आणि पहाटे खोकल्याने जाग आल्यावर, असे करत रोजचे चार-पाच फवारे निघाले. दोनशे फवाऱ्यांचा पंप त्यांना दीड महिनाही पुरत नव्हता. हे ऐकून त्या गप्प झाल्या. त्या खोटे बोलत नव्हत्या. आपण कमीत कमी औषध घेतो अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. वर्षाला असे तीन किंवा अधिक पंप लागणे ही दम्याचा झटका येण्याचा धोका वाढल्याची खूण मानली जाते, आणि त्या या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेल्या होत्या.

त्यांच्या दोन पंपांची कामे पूर्णपणे वेगळी होती आणि हा फरक त्यांना कोणी नीट समजावलेलाच नव्हता. दम्यामध्ये श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला दीर्घकाळ सूज असते. त्या सुजेमुळे नलिका हळव्या होतात, आणि सर्दी, धूळ, धूर किंवा थंड हवा लागली की त्यांच्या भोवतीचे स्नायू आवळले जातात व आत चिकट स्राव साठतो. निळ्या पंपातले साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते आणि त्याचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. सुजेवर मात्र ते काहीच करत नाही. सूज उतरवण्याचे काम दुसऱ्या पंपातले, म्हणजे श्वासावाटे जाणारे स्टेरॉइड करते. ते हळूहळू काम करते. फरक जाणवायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, आणि घेतल्याक्षणी काहीच वाटत नसल्यामुळे ते निरुपयोगी आहे असा समज सहज होतो. भिंतीत ओल मुरलेली असताना वरचे पाणी तेवढे पुसत राहावे, तसे त्यांचे चालले होते.

ज्या सवयीची त्यांना धास्ती होती, तिच्या जवळपास जाणारे काही असलेच तर ते निळ्या पंपाच्या बाबतीत होते. तो वारंवार घेत राहिल्यास शरीराचा त्याला मिळणारा प्रतिसाद मंदावतो, आराम कमी वेळ टिकतो आणि दरम्यान सूज वाढत राहते. याच कारणासाठी दम्याच्या उपचारांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे तयार करणाऱ्या ‘जिना’ या संस्थेने 2019 पासून प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना केवळ साल्ब्युटामॉलसारख्या पंपावर ठेवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे.

स्टेरॉइडच्या भीतीबद्दल मी त्यांना डॉक्टरांकडूनच उत्तर मिळवून दिले, कारण औषधाच्या मात्रेविषयी बोलण्याचा अधिकार त्यांचा आहे. डॉक्टरांनी सांगितले की पंपातून जाणारी मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागांत मोजतात आणि ती थेट श्वासनलिकांत पोहोचते. याउलट त्या दोन रात्रींनंतर त्यांना काही दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या होत्या, ज्यांची मात्रा मिलिग्रॅममध्ये असते आणि ज्या सर्व शरीरभर फिरतात. औषधे वेगवेगळी असल्याने आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. तरीही पंपातले थोडे स्टेरॉइड टाळताना गोळ्यांतले बरेच जास्त स्टेरॉइड पोटात जात होते, हे त्यांच्या ध्यानात आले. हाडे ठिसूळ होणे, रक्तातील साखर वाढणे, मोतीबिंदू होणे, यांचा धोका वाढतो तो मुख्यतः गोळ्यांचे असे कोर्स पुन्हा पुन्हा घ्यावे लागल्याने.

एवढे पटूनही त्यांनी पंप सुरू केला नाही. अशा वेळी रुग्णाला हट्टी म्हणण्याची घाई होते. माझ्या मते ती टाळली पाहिजे. पुढच्या भेटीत मी एवढेच विचारले की पूर्वी कधीतरी तो पंप त्यांनी घेतला होता का आणि तेव्हा काय झाले. त्या बराच वेळ थांबून म्हणाल्या, “आवाज बसला होता. दोन आठवडे वर्गात नीट बोलता येत नव्हते. माझे सगळे आवाजावरच चालते हो.” हे त्यांनी डॉक्टरांना सांगितले नव्हते, कारण जीव वाचवणाऱ्या औषधाबद्दल एवढ्याशा गोष्टीची तक्रार काय करायची, असे त्यांना वाटले होते. सवयीची भीती खरी होतीच, पण औषध थांबण्याचे पहिले कारण हे होते.

आवाज घोगरा होणे आणि तोंडात बुरशीचा पांढरा थर येणे हे या औषधाचे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत, आणि त्यांच्यावर उपायही आहेत. डॉक्टरांकडच्या परिचारिकेने त्यांना समोर पंप घेऊन दाखवायला सांगितले. त्या आधी पंप दाबत होत्या आणि मग झटक्याने श्वास ओढत होत्या, त्यामुळे बरेचसे औषध घशावरच बसत होते. म्हणजे चुकीच्या पद्धतीमुळे फायदा कमी आणि त्रास जास्त, अशी स्थिती होती. त्यांना स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, देण्यात आला. पंप हलवून घ्यायचा, पूर्ण श्वास बाहेर सोडायचा, स्पेसरचे तोंड ओठांत घट्ट धरून एक फवारा सोडायचा, सावकाश व खोल श्वास आत घ्यायचा आणि साधारण दहा सेकंद रोखून धरायचा, हे त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिले. भुकटीचे औषध असलेल्या पंपात श्वास जोरात ओढावा लागतो, म्हणून आपल्या पंपाची रीत आपण दाखवूनच तपासून घ्यावी. नंतर गुळण्या करून पाणी थुंकून टाकणे आवश्यक असते. त्यांनी सकाळ-संध्याकाळचा पंप दात घासण्याच्या आधी ठेवला, त्यामुळे गुळण्या आपोआप होऊ लागल्या.

यानंतर डॉक्टरांनी त्यांच्यासोबत बसून त्यांची स्वतःची योजना एका कागदावर लिहिली. ती तीन टप्प्यांची होती. बरे वाटत असतानाच्या दिवसांत पीक फ्लो मीटरवर, म्हणजे श्वास किती वेगाने बाहेर टाकता येतो ते मोजणाऱ्या छोट्या उपकरणावर, फुंकून नोंदी ठेवल्यावर त्यांचा सर्वोत्तम आकडा मिनिटाला 400 लिटर निघाला. त्याच्या 80 टक्के, म्हणजे 320 च्या वर आकडा आणि लक्षणे नाहीत, तर रोजचा पंप तसाच चालू ठेवायचा. 320 आणि 200 यांच्या दरम्यान आकडा असेल किंवा त्रास वाढत असेल, तर औषधात काय बदल करायचा व कोणाला कळवायचे हे नेमके लिहिले होते. आकडा 200 च्या खाली असेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा निळ्या पंपाने आराम मिळत नसेल, तर ताठ बसायचे, लिहून दिल्याप्रमाणे स्पेसरमधून एका वेळी एकेक फवारा घ्यायचा आणि मदत मागवून लगेच रुग्णालय गाठायचे.

मधल्या टप्प्याची लक्षणे लिहिताना त्यांनी स्वतः एक भर घातली: शेवटच्या तासाला मोठ्याने वाचताना वाक्य मध्येच तोडावे लागणे. कोणत्याही छापील तक्त्यात ही खूण सापडणार नाही, पण त्यांचा दमा बिघडू लागला की सर्वांत आधी तीच दिसत असे. वैयक्तिक योजना खरोखर वैयक्तिक होते ती अशा नोंदींमुळे, असे मला मनापासून वाटते.

त्या दोन्ही रात्री घरात बराच वेळ चर्चेत गेला होता. थोडे थांबून पाहू, सकाळी जाऊ, एवढ्यासाठी कशाला उठवायचे, असे चालले होते आणि यजमान गोंधळून गेले होते. धाप लागलेली असताना माणसाला शांतपणे निर्णय घेता येत नाही. तो निर्णय आधीच, बरे असताना, डॉक्टरांच्या साक्षीने घेऊन ठेवणे हे या कागदाचे खरे काम आहे. म्हणून यजमानांनाही बोलावून प्रत्येक ओळ वाचून घेतली. शाळेत पंप घेण्यासाठी बाई सामानाच्या खोलीत जाऊन दार लावून घेत असत. त्यांना दम्याची लाज वाटत होती, आणि त्या बंद दारामागे झटका आला असता तर कोणाला कळलेही नसते. एका विश्वासू सहकारी शिक्षिकेला योजनेची प्रत द्यायला आणि पंप कोठे असतो ते सांगायला त्या तयार झाल्या, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट होती.

नियमित औषधाने आधी पहाटेची जाग थांबली, नंतर निळ्या पंपाची गरज क्वचितच भासू लागली. आवाज टिकून राहिला. मग अपेक्षित प्रश्न आला: “आता बरे वाटते आहे, तर बंद करू का?” बरे वाटणे हा औषधाचा परिणाम असतो आणि ते अचानक थांबवले की सूज पुन्हा डोके वर काढते, परंतु साधारण तीन महिने दमा चांगला आटोक्यात राहिला तर डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करून पाहू शकतात, हेही तितकेच खरे आहे. हा प्रश्न त्यांनी मनात न ठेवता डॉक्टरांना विचारावा, एवढे मी सुचवले आणि त्यांनी तो विचारला.

त्यांच्या कागदावरचे आकडे आणि औषधे इतर कोणी जशीच्या तशी उचलू नयेत. काही रुग्णांना आवळलेले स्नायू सैल करणारे फॉर्मोटेरॉल व स्टेरॉइड एकत्र असलेला एकच पंप रोजच्यासाठी आणि त्रास झाल्यावरही वापरायला देतात, आणि त्यांच्या योजनेची मांडणी वेगळी असते. या बाईंच्या बाबतीत तीन महिन्यांनंतर डॉक्टरांनी स्टेरॉइडची मात्रा कमी केली, जुना कागद काढून घेऊन नवा लिहिला आणि रात्रीचा खोकला परतला किंवा निळा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला, तर आधीच्या मात्रेवर जाऊन कळवावे, अशी ओळ तारखेसह त्यात घातली.