समुद्रतळावरचं ते पिवळं फूल: एक प्राणी की अनेक?

खानापूरच्या बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनीने विचारलंय, की खोल समुद्राच्या एका व्हिडिओत तळाशी दोऱ्यांनी बांधल्यासारखं पिवळसर फूल दिसलं आणि खाली नाव होतं सायफोनोफोर, म्हणजे जेलीफिशच्या नात्यातला एक गट. पुस्तकातले सायफोनोफोर तर पाण्यावर तरंगतात, पावसाळ्यात गोव्याच्या वाळूवर येतात ते निळे. मग हा तळाला कसा गेला, आणि हा एक प्राणी म्हणायचा की अनेक? त्यावर निपाणीच्या दादांनी लिहिलंय, की शरीर एक दिसतंय तर प्राणी एक, उगाच घोळ कशाला घालायचा. दोघांनाही उत्तर देतो. थोडं लांबेल, कारण हा विषय मी बेळगावात वर्षानुवर्षं शिकवला आणि आपल्या अभ्यासक्रमात त्याची दोन पानांत बोळवण होते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तू पाहिलास तो रोडॅलिडी कुळातला असणार. सायफोनोफोरांच्या पावणेदोनशेच्या आसपास जाती माहीत आहेत आणि बहुतेक सगळ्या मोकळ्या पाण्यात राहतात. हे एकच कूळ तळ धरून जगतं. पण तळ धरून म्हणजे समुद्रफुलासारखं खडकाला चिकटून नव्हे. वर वायूने भरलेला फुगवटा असतो, न्यूमॅटोफोर, तो सगळ्या डोलाऱ्याला वर ओढतो. खालून लांब शुंडके, म्हणजे सोंडेसारखे तंतू, सुटतात आणि तळाला पकडून ठेवतात. जत्रेत दोऱ्याला बांधलेला गॅसचा फुगा असतो ना, नेमकं तसं. फुग्याच्या खाली गोलाकार रांगेत पोहण्याच्या घंटा असतात, त्यांना नेक्टोफोर म्हणतात. त्या मिटतात-उघडतात आणि पाणी ढकलतात. म्हणजे पोहण्याचं अंग यांनी सोडलेलं नाही. त्याखाली एक जाडसर गड्डा, आणि त्यावर दाटीने बसलेले तोंडाचे, जननाचे आणि संरक्षणाचे भाग. लांबून पाकळ्या दिसतात त्या ह्याच.

आता या फुग्याकडे नीट बघ, कारण खरी गंमत तिथे आहे. समुद्रात दर दहा मीटरला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. अडीच हजार मीटरवर तो अडीचशेच्या घरात जातो. तेवढ्या दाबाविरुद्ध मऊ, हाडाशिवायच्या शरीरात वायू तयार करून भरायचा! वायू तिथे इतका दाबला जातो की त्याचं वजन पृष्ठभागावरच्या वायूच्या कैक पट होतं, तरीही तो पाण्याहून हलकाच राहतो, म्हणून तरंगण्याला उपयोगी पडतो. रोडॅलिडींच्या फुग्याला बाजूला ऑरोफोर नावाचा एक खास अवयव असतो. दुसऱ्या कुठल्याही सायफोनोफोराला तो नाही. हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने चॅलेंजर या ब्रिटिश सागरी मोहिमेतल्या नमुन्यांवर १८८८ मध्ये अहवाल लिहिला तेव्हा या अवयवावरूनच हा गट वेगळा काढला होता. पण चॅलेंजरचं जहाज १८७२ ते १८७६ फिरलं तेव्हा खाली उतरून पाहायची सोय नव्हती. जाळ्यात आलं ते आणि जेवढं टिकलं तेवढंच हाती. हा प्राणी जिथे राहतो तिथे तो कसा दिसतो हे समजायला पुढे जवळजवळ शंभर वर्षं गेली.

फेब्रुवारी १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ अल्विन ही पाणबुडी सुमारे अडीच हजार मीटर खोल उतरली. गेले होते भूगर्भशास्त्रज्ञ, समुद्रतळाच्या भेगांतून गरम पाणी येतं का ते तपासायला. गरम पाणी सापडलंच, पण त्याच्या भोवती शिंपले, खेकडे, लांब नळीत राहणारे किडे अशी वस्तीच्या वस्ती सापडली, सूर्यप्रकाशाशिवाय जगणारी. मोहिमेवर जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता. नमुने जपायला पुरेसं रसायनसुद्धा जहाजावर नव्हतं, म्हणून काही नमुने व्होडकात घातले. त्या झऱ्यांच्या आजूबाजूला पिवळी गोल फुलं दिसत होती, खडकाला तंतूंनी बांधलेली, पाण्यात हलणारी. थंड देशांत डँडेलियन नावाचं पिवळं रानफूल असतं, तेच नाव त्यांनी दिलं आणि एका जागेला डँडेलियन पॅच म्हणू लागले. फिलिप प्यू यांनी १९८३ मध्ये त्याचं रीतसर वर्णन केलं, थर्मोपॅलिया टॅरॅक्साका. तो सायफोनोफोर निघाला.

असे प्राणी वर आणताना विस्कटतात. दाब उतरतो, वायू फुगतो, आणि मुळात हे भाग एकमेकांना फार घट्ट धरलेले नसतात. बादलीत उरतात सुट्या पाकळ्या. त्यावरून मूळ आकार सांगणं किती अवघड, याचं उदाहरण तुझ्या प्रोजेक्टमध्ये हवंच, म्हणून सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्याबाहेर १९८६ मध्ये खोल तळाच्या गाळातून छोट्या आळंब्यांसारखे काही जीव मिळाले. वर चपटी चकती, त्यात फांद्या फुटलेल्या नळ्या, खाली देठ. ते कोणत्याच माहीत गटात बसेनात. रसायनात ठेवल्यामुळे डीएनए हाती लागण्यासारखा राहिला नव्हता. २०१४ मध्ये त्यांना डेंड्रोग्रामा नाव देऊन दोन जाती जाहीर झाल्या. साठ कोटी वर्षांच्या आसपासच्या एडियाकारन जीवाश्मांशी त्यांचं साम्य दिसलं आणि जगभर बातम्या झाल्या, प्राण्यांच्या वंशवृक्षाला नवी फांदी म्हणून. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मोहिमेत ताजे नमुने मिळाले, डीएनए तपासला, आणि २०१६ मध्ये कळलं की आळंबी हा पूर्ण प्राणी नव्हेच. तो रोडॅलिडी सायफोनोफोराचा ब्रॅक्ट होता, म्हणजे वसाहतीला झाकणारा एक सुटा भाग. मला यात कुणाचा दोष दिसत नाही. त्या संशोधकांनी मिळालं तेवढ्याचं प्रामाणिक वर्णन केलं, आपण नवीन पुरावा शोधायला हवा असंही सुचवलं होतं. पण तुकडा पूर्ण असल्यासारखा दिसतो, ही सायफोनोफोरांची जातच आहे.

आणि इथेच एक की अनेक हा प्रश्न सुटायला लागतो. सगळी वसाहत एकाच फलित अंड्यापासून होते. अंड्यातून प्लॅन्युला डिंभ, म्हणजे अळीसारखी पहिली अवस्था, त्यातून पहिला पॉलिप आणि फुगा, मग कळ्या फुटत जातात. प्रत्येक कळी एक झूइड, म्हणजे वसाहतीतला एक घटक. प्रत्येक झूइडाची घडण हायड्रासारख्या पॉलिपशी किंवा जेलीफिशशी जुळते. नेक्टोफोर म्हणजे तोंड नसलेली, फक्त पोहणारी मेड्युसा, म्हणजे जेलीफिशचं रूप. गॅस्ट्रोझूइड म्हणजे तोंड आणि एकच शुंडक असलेला पॉलिप. तो खातो, पण पोहू शकत नाही. अन्नाची पोकळी सगळ्यांची जोडलेली, चेतातंतूही जोडलेले. सुटा केलेला झूइड जगत नाही. मग निपाणीच्या दादांचं म्हणणं कामाच्या दृष्टीने बरोबर आहे, खाणं, पळणं, प्रजनन सगळं एकत्र होतं. पण घडणीच्या दृष्टीने बघाल तर त्यांना तिथे शंभर प्राणी सापडतील, आणि हा घोळ मी घातलेला नाही, दादा, तो त्या प्राण्यात आहे. परीक्षेत येणारी पॉलिऑर्गन आणि पॉलिपर्सन थिअरी याच भांडणाची. हक्सली पहिलीच्या बाजूला, म्हणजे प्राणी एक आणि अवयव अनेक; लॉयकार्ट दुसरीच्या, म्हणजे अनेक प्राण्यांची वसाहत. पाठ करून लिहून टाकू नकोस. एक अंडं, अनेक कळ्या आणि वाटून घेतलेली कामं असं आधी लिही, मग थिअरी.

आणखी एक बाब. आपल्या जुन्या पुस्तकांत पॉर्पिटा आणि व्हेलेला हेही सायफोनोफोर म्हणून दिलेले असतात. आता तसं मानत नाहीत. ते हायड्रोझोआच आहेत, पण वेगळ्या गटातले. तुमच्या प्रयोगशाळेतल्या नमुन्यांच्या बरण्यांवर जुनी लेबलं असतील तर वहीत खुलासा करून टाक.

बरण्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. प्रत्येक कॉलेजच्या प्रयोगशाळेत फायझेलिया, म्हणजे तू म्हणतेस तोच निळा तरंगणारा सायफोनोफोर, असतो, पिवळट द्रवात बसलेला. फुगा चुरगळलेला, रंग गेलेला, शुंडके आकसून खालच्या बाजूला गोळा झालेले. तोच प्राणी पावसाळ्यात बेळगावहून चोर्ला घाटाने उतरून गोव्याच्या किनाऱ्यावर बघ. फुग्याच्या वरच्या कडेला गुलाबी-जांभळी चुणीदार कलगी, आत हवेबरोबर थोडा कार्बन मोनॉक्साइडही, आणि खाली निळ्या मण्यांच्या माळांसारखे शुंडके, वाळूवर कित्येक हात लांब पसरलेले. मणी मणी दिसतात ते दंशपेशींचे पुंजके. मेलेला वाटला तरी दंश होतो, तेव्हा हात लावायचा नाही, काठीनेही नुसता चाळवू नकोस. वाकून बघ, फोटो काढ, पुरे. या दोन फायझेलियांत जेवढा फरक आहे तेवढाच फरक रोडॅलिडीच्या बरणीतल्या तुकड्यात आणि तळावर उभ्या असलेल्या वसाहतीत असतो, किंबहुना जास्तच.

म्हणून प्रोजेक्टसाठी माझा सल्ला असा. खोल समुद्रातल्या रिमोट वाहनांच्या मोहिमा आता व्हिडिओ थेट दाखवतात, खानापूरला घरात बसूनही बघता येतात. व्हिडिओ हळू चालवून बघ. आधी फुगा शोध, मग त्याखाली घंटा मिटतात का ते बघ, मग कोणते शुंडके तळाला धरून आहेत आणि कोणते शिकारीसाठी मोकळे सोडलेत ते वेगळे कर. पडद्यावर खोली आणि तापमान दिसतं, ते टिपून ठेव. आपल्या देशातही मत्स्य ६००० ही सहा हजार मीटर खोल जाणारी मानवी पाणबुडी चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेत तयार होतेय, तिघांना घेऊन जाणारी. हिंदी महासागराचा तळ आपल्याच लोकांनी बघायचे दिवस जवळ आलेत, आणि तेव्हा हे फूल ओळखणारी माणसं हवीत. दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तुमच्या सरांना सांगून विभागातर्फे पत्र लिहायला लाव, विद्यार्थ्यांची भेट ठरवता येते का विचारा.

आकृती काढताना पुस्तकातली नक्कल नको. मधोमध फुगा, त्याच्या बाजूला ऑरोफोर, खाली नेक्टोफोरांचं कडं, मग झूइडांची दाटी, आणि सगळ्यात खाली तळ. तळ विसरू नकोस. शुंडके तळाला टेकलेले दाखव, नाहीतर परीक्षक तो तरंगणारा सायफोनोफोर समजून गुण कापतील. आकृती झाली की इथे टाक, मी बघून देतो.